धक्क्याला लागणारी बोट

व्हर्ना हॅस्केटने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली, आणि एकतीस वर्षांत एकही पोर चुकीच्या माणसाच्या हाती दिलं नाही. डेपोत वीस वर्षं मी तिच्या शेजारी बस लावली, तेव्हा हे मी छातीठोकपणे सांगते. बाकी तिच्याबद्दल चांगलं बोलणारं फारसं कुणी मला भेटलं नाही. खडूस, हेकट, उभ्या जन्मात न हसलेली बाई. पोरांनी ठेवलेली नावं तर मी इथे सांगतसुद्धा नाही.

बालवाडीचं पोर बसमधून उतरवायचं तर खाली मोठं माणूस उभं हवं, आणि त्या माणसाचं नाव आईबापांनी भरून दिलेल्या यादीत हवं. नियम सगळ्यांनाच होता. पण आम्ही बाकीचे चेहरा ओळखीचा दिसला की दार उघडायचो. इंडियानातलं आमचं गाव ते केवढं, सात सिग्नलांचं! व्हर्ना मात्र यादी बघायची. एकदा ओपल स्ट्राउड नातीला घ्यायला उभी होती. ओपल म्हणजे चर्चमध्ये व्हर्नाच्याच बाकावर बसणारी, रोज रामराम घालणारी बाई. यादीत तिचं नाव नव्हतं. व्हर्नाने काच खाली केली आणि म्हणाली, "तुम्ही आजी आहात याबद्दल मला शंका नाही. पण नाव नाही." आणि पोरीला परत शाळेत घेऊन गेली. ओपल भर रस्त्यात ओरडत राहिली, "पोटच्या पोरीची पोर आहे ती माझ्या! आग लागो तुझ्या यादीला!"

डेपोत मी व्हर्नाला म्हटलं, "जरा अतीच झालं हं हे. म्हातारी रडत होती म्हणे."

"रडू दे," ती म्हणाली. "मी यादी बनवत नाही, नेल. मी फक्त वाचते."

त्यानंतर ओपल कधी तिच्या बाकावर बसली नाही.

तर अशा या बाईला एकच हौस होती, ती म्हणजे समुद्र. अडुसष्ट वर्षांत तिने तो पाहिला नव्हता. आमच्याकडे मक्याची शेतं संपतात तिथे दुसरी मक्याची शेतं सुरू होतात. मार्चअखेर शाळांना वसंताची सुट्टी लागली की ज्याला परवडेल तो पोरं घेऊन खाली फ्लोरिडाला आणि तिथून बोटीने कॅरिबियन बेटांवर पळतो. आम्ही ड्रायव्हर त्या आठवड्यात सीटखालचे च्युइंगगम खरवडत बसायचो. मग सुट्टीनंतरच्या सोमवारी पोरं बसमध्ये चढायची तेव्हा कुणाच्या नाकाची सालं निघालेली असायची, कुणाच्या खिशात शंख असायचे, आणि पोरींच्या केसांच्या बारीक बारीक वेण्या घातलेल्या, प्रत्येक वेणीच्या टोकाला रंगीत मणी. व्हर्नाने ब्रेक दाबला की सगळे मणी एकदम खुळखुळायचे. तिच्या बसमध्ये चकार शब्द काढायची कुणाची छाती नव्हती, पण त्या मण्यांना ती कधी काही बोलली नाही. एकदा मलाच म्हणाली, "एकदा मीपण तशी वेणी घालून येणार आहे बघ. वाळूत बसायचं, पाय पाण्यात, आणि मागे ती बाई वेण्या घालतेय."

मी म्हटलं, "तुझ्या डोक्यावर उरलेत किती केस?"

"दोन वेण्यांपुरते आहेत."

गेल्या वर्षी ती निवृत्त झाली. नवरा ड्वेन आधीच गेला होता. त्याची मासेमारीची होडी गॅरेजमध्ये पडून होती, ती तिने विकली, आणि मुलगी मार्सी आणि मुलगा टॉड, दोघांना फोन करून सांगितलं, "वसंताच्या सुट्टीत सगळ्यांना मी बोटीवर नेणार. अट एकच. बोट धक्क्याला लागली पाहिजे."

अटीमागे तिचा उजवा गुडघा होता. एकतीस वर्षं ब्रेक दाबून त्याचा पार भुगा झालाय. मोठी जहाजं काही बेटांवर धक्क्याला लागतात, जिना उतरलं की जमीन. काही बेटांवर ती लांब समुद्रात उभी राहतात आणि माणसांना हलत्या छोट्या होडीत उतरवून किनाऱ्याला नेतात. छोट्या होडीत पाय टाकणं व्हर्नाच्या गुडघ्याला जमणारं नव्हतं. डॉक्टरने सांगायचीही गरज नव्हती.

मग बाईंनी काय करावं? तीन वेगवेगळ्या सफरींची माहिती मागवली आणि प्रत्येकीचा रूटचा तक्ता तयार केला. अगदी आमच्या बसचा असतो तसा. स्टॉप, पोचायची वेळ, निघायची वेळ, दार कुठल्या बाजूला उघडतं, धक्का की होडी, धक्क्यापासून वाळू किती पावलं. शेवटचा रकाना तिने बंदरांचे नकाशे बघून, पट्टीने मोजून भरला होता. मला बोलावलं, केळ्याचा केक पुढ्यात ठेवला आणि तक्ते टेबलावर मांडले.

"ही बघ, पूर्वेकडची सफर. सान हुआन, सेंट थॉमस, सेंट मार्टिन. तिन्हीकडे धक्का. तिन्हीकडे, नेल!" एवढ्या वर्षांत तिचा आवाज असा कधी ऐकला नव्हता मी.

"मग झालं तर. पैसे तुझे, गुडघा तुझा. कर बुक."

"पोरांना विचारायला नको?"

नको, असं मी तेव्हाच ओरडून सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. केक खात बसले.

मार्सीच्या आणि टॉडच्या गावच्या शाळांची सुट्टी एका आठवड्यात यावी म्हणून आधीच महिनाभर काथ्याकूट झाला होता. आता सफर ठरवायची म्हणून मार्सीने फोनवर घरच्यांचा ग्रुप केला. ज्याला जी पसंत, त्याने तिथे अंगठा द्यायचा. सगळं कसं लोकशाहीने! मी व्हर्नाच्या घरीच होते तेव्हा मार्सीचा फोन आला.

"आई, सेंट थॉमस म्हणजे नुसती दागिन्यांची दुकानं गं. पोरांनी तिथे काय करायचं? या पश्चिमेकडच्या बोटीवर बघ, पाण्याच्या सहा घसरगुंड्या आहेत!"

"धक्का?" व्हर्नाने विचारलं.

"काय?"

"धक्क्याला लागते का बोट?"

"बेलीझला होडी आहे, ग्रँड केमनला होडी आहे. पण कोझुमेलला लागते की धक्क्याला! एक दिवस पुरे झाला ना तुला? तुला काय, वाळूत तर बसायचंय."

संध्याकाळपर्यंत पश्चिमेला सहा अंगठे पडले, पूर्वेला एक. टॉडच्या नऊ वर्षांच्या पोराचासुद्धा अंगठा धरला होता. ज्या बाईच्या पैशाने हे सगळं चाललं होतं, तिचा एक आणि त्या टिल्ल्याचाही एक! मी तडकले. "अगं, ही काय थट्टा आहे? सांग त्यांना, यायचं तर या, नाहीतर बसा घरी!"

"आणि मी एकटी जाऊ? एकटीने समुद्र बघून कुणाला सांगू?" तिने पूर्वेचा तक्ता घडी करून खणात टाकला. "एक दिवस आहे ना. बुधवार. कोझुमेल. धक्क्यापासून वाळू चारशे पावलं."

पुढचं मला तिने परत आल्यावर सांगितलं. तिने सांगितलं तसंच सांगते.

बोटीवर सगळ्यांना एकसारखे टी-शर्ट होते, छातीवर 'हॅस्केट कुटुंबाची सफर'. व्हर्नाचा एक माप लहान निघाला. मार्सीचा धाकटा, बेकेट, दोन वर्षांचा, अजून लंगोटात. लंगोटातल्या पोराला बोटीवरच्या तलावात सोडत नाहीत आणि पाळणाघर तीन वर्षांखालचं घेत नाही. मग पोराला बघायचं कुणी? कुणी काही ठरवलं नाही, तोंडाने मागितलंही नाही. पहिल्याच सकाळी ते पोर व्हर्नाच्या खोलीत आलं आणि तिथेच राहिलं. सोमवारी बेलीझ, मंगळवारी ग्रँड केमन. दोन्ही दिवस बाकीचे होड्यांतून गेले, आणि व्हर्ना बेकेटला मांडीवर घेऊन कठड्याशी बसली. तिने तक्रार केली नाही. पोराचा तिला लळा आहे, ते खोटं नाही. मंगळवारी जेवताना तिने फक्त सगळ्यांना आठवण करून दिली, "उद्याचा दिवस माझा."

"हो गं आई, तुझाच," मार्सी म्हणाली.

बुधवारी सकाळी बोट धक्क्याला लागली. व्हर्ना हॅट घालून तयार होती. दार वाजलं. मार्सी उभी, गळ्यात पोहायचा चष्मा.

"आई, आम्ही मासे बघायच्या होडीचं बुकिंग केलंय. तीन वर्षांखालचं नेत नाहीत. याला घेऊन जा ना तू वाळूत. तू तर तिथेच बसणारेस."

मी व्हर्नाला मधेच विचारलं, "तेव्हा तरी राग आला का तुला?"

"नाही गं. उलट बरंच वाटलं. त्याचेही पाय पाण्यात बुडवीन म्हटलं."

तिने पोराला क्रीम चोपडलं, टोपी घातली, बाबागाडीत बसवलं आणि लिफ्टने खाली गेली. दाराशी सुरक्षारक्षक होता. तिथे प्रत्येकाला, तान्ह्या पोरालासुद्धा, बोटीचं कार्ड असतं. व्हर्नाचं कार्ड लावलं, हिरवा दिवा लागला. बेकेटचं लावलं, तर लाल. त्याने पुन्हा लावलं. पुन्हा लाल.

"मॅडम, या मुलाला खाली कोण नेऊ शकतं ते आईवडिलांनी आधी भरून दिलेलं असतं. त्यात तुमचं नाव नाही."

"मी आजी आहे त्याची."

"तुम्ही आजी आहात याबद्दल मला शंका नाही, मॅडम. पण नाव नाही."

तिने फॉर्म दाखवायला सांगितलं. त्या भल्या माणसाने संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. आई आणि वडील यांच्याखेरीज मुलाला किनाऱ्यावर नेण्याची परवानगी असलेली मोठी माणसं: 'कुणी नाही'. खाली मार्सीचं नाव, तारीख जानेवारीतली. मार्सीला फोन लावला, तर ती माशांच्या होडीत, फोन बंद.

उघड्या दारातून धक्का दिसत होता. धक्क्यापलीकडे वाळू दिसत होती. छत्रीखाली एक बाई मण्यांचा डबा घेऊन बसली होती आणि समोर एक पोरगी मान खाली घालून बसली होती.

"मग तू काय म्हणालीस त्याला?" मी विचारलं.

"काय म्हणणार? म्हटलं, तुम्ही बरोबर करताय."

"पोराला त्याच्यापाशी ठेवून दहा मिनिटं उतरून यायचं होतंस!"

"परक्या माणसाच्या हाती?" तिने माझ्याकडे रोखून बघितलं.

चारला सगळे परत आले. मार्सीच्या थोरलीच्या, टेसाच्या, केसांत बारा वेण्या आणि मणी. काय झालं ते कळल्यावर मार्सीने कपाळाला हात लावला. "अगं बाई! ते घाईत भरलं गं मी. आमच्या शाळेच्या, पाळणाघराच्या सगळ्या फॉर्मवर तसंच लिहिते, हात आपोआप चालतो. जा ना पटकन, अजून अर्धा तास आहे." चारशे पावलं जायची, चारशे यायची, त्या गुडघ्याने, अर्ध्या तासात. व्हर्ना म्हणाली, राहू दे. रात्रीच्या जेवणात टेसाने मान हलवली की मणी खुळखुळत होते.

हे ऐकून मी मार्सीच्या नावाने काय काय म्हटलं ते छापण्यासारखं नाही. एवढी कृतघ्न अवलाद! आठवडाभर आईला आया म्हणून राबवायचं, आणि सगळ्या फॉर्मवर काय, तर 'कुणी नाही'! व्हर्नाने मला मधेच थांबवलं. "गाडी काढ. ओपल स्ट्राउडकडे जायचंय."

ओपल ओसरीवर खुर्ची टाकून बसली होती. व्हर्नाला बघून उठली नाही. व्हर्ना कठडा धरून तीन पायऱ्या चढली आणि उभ्यानेच म्हणाली, "त्या दिवशी तुम्हाला तुमची नात दिली नाही मी. चुकले."

ओपलने बराच वेळ तिच्या गुडघ्याकडे बघितलं. मग शेजारची खुर्ची पुढे ओढली.

"तू कुठे चुकलीस? तू काय यादी बनवतेस? माझ्या मुलीने माझं नाव लिहिलं नव्हतं. दर वर्षी फॉर्म यायचा, दर वर्षी लिहायची नाही."

"मग माझ्यावर का ओरडलात?"

"तिच्यावर ओरडले असते तर नात दिसली असती का मला?"

 ओपलने लिंबाचं सरबत आणलं, आम्ही ते प्यायलो आणि निघालो.

गाडीत व्हर्नाचा फोन वाजला. मार्सीचा निरोप होता ग्रुपवर. पुढच्या सुट्टीच्या दोन सफरी, आत्ताच ठरवलं तर स्वस्त पडेल, पटापट अंगठे द्या. व्हर्नाने चष्मा लावला, वाचलं आणि एका सफरीवर अंगठा दिला.

"कुठली निवडलीस?" मी विचारलं.

"मार्सीला आवडलीये ती."

"धक्का आहे का?"

"बघितलं नाही," ती म्हणाली, आणि फोन पर्समध्ये टाकला.