दोन बोटांची कात्री

तुमच्या आईचं बोलणं कुणी लोकांना हसवण्यासाठी मागितलं, तर तुम्ही द्याल का?

ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या एका कॉफीच्या दुकानात, शेजारच्या टेबलावर बसलेल्या पटकथाकाराला ते मागताना मी ऐकलंय. त्याचं नाव मला ठाऊक नाही. दर वाक्याला तो दोन बोटांची कात्री करून हवा कापायचा. समोर खाडीकाठच्या कोळीवाड्यातले एक वयस्कर लेखक बसले होते. त्यांच्या कादंबरीवर सिनेमा निघणार होता, फक्त त्यांची सही बाकी होती.

"काका, तुमची नायिका मासे विकते, ते मस्तच आहे. पण ती बोलेल शुद्ध मराठी. पब्लिकला रिलेट व्हायला पाहिजे ना!"

"आणि आमची बोली?"

"काढली नाही हो! तिच्या शेजारच्या दारुड्याला दिली. कॉमेडी एकदम कडक होते."

इतका वेळ जपून, पुस्तकी बोलणाऱ्या काकांचा आवाज चढला. "ती नायिका माजी आय हाय रं!"

कात्री क्षणभर थांबली. मग तो खूश होऊन म्हणाला, "वा काका, हाच टोन! हे वाक्यपण दारुड्याला देऊ."

काका सही न करताच निघून गेले. त्याने लगेच फोन लावला आणि दुसरी कादंबरी शोधायला सांगितली.

ती त्याला मिळेल. सिनेमाही लागेल आणि आपल्याच ठाण्यात हाउसफुल्ल चालेल. तुम्ही जरूर जा. फक्त, बोली एकट्या दारुड्याच्या तोंडी ऐकू आली, तर कृपा करून हसू नका.