कूलर बंद पडायचा तेव्हा

हे मी आजवर कुणाजवळच बोललो नाही. बायकोजवळ, सुमनजवळ, तर नाहीच.

माझी नोकरी धुळ्याला, घर जळगावला. मुलगी शिकायला बाहेरगावी, म्हणून दिवसभर घरात सुमन एकटी. मला यंत्रांची हौस. घरातले दिवे, कूलर आपोआप चालू-बंद होतील अशी यंत्रणा मीच बसवली. ती राउटरला विचारायची — वायफायला कुणाचा फोन जोडलेला आहे? फोन आहे, म्हणजे माणूस घरी. एकही फोन नाही, म्हणजे घर रिकामं, कूलर बंद. विजेची बचत, एवढंच तिला सांगितलं. तिच्या नावासमोर ‘घरी’ की ‘बाहेर’ हे मला धुळ्यात बसून दिसतं — हे नाही सांगितलं. का नाही सांगितलं?

उन्हाळा लागला आणि भरदुपारी ‘बाहेर’ दिसू लागलं. जळगावच्या त्या उन्हात ही जाते कुठे?

विचारलं तर म्हणायची, “कुठे जाणार? झोपले होते. तुमचा तो कूलर बघा आधी. दुपारी मेला आपोआप बंद पडतो, घामाने चिंब होऊन उठते मी.”

मी मनात म्हणायचो — पडणारच बंद. तू घरात नसतेस ना!

तिचे थोरले भाऊ अमळनेरहून आले होते. जेवताना मी त्यांना म्हणालो, “दुपारी तुमची बहीण कुठे जाते, जरा तुम्हीच विचारा.” त्यांचा घास हातातच राहिला. “सुमे, काय शे हाई?” हे काय आहे, असं त्यांनी अहिराणीत हळूच विचारलं. ती ताक आणायला म्हणून आत गेली — ती बाहेर आलीच नाही.

पुढे ती एका लग्नाला माहेरी गेली. सुट्टीच्या दुपारी मी कूलरसमोर आडवा झालो, फोन उशाशी. डोळा लागला, आणि उकाड्याने जाग आली. कूलर बंद. वीज होती, फ्रिज चालू होता. फोन उघडला. माझ्या नावासमोर — ‘बाहेर’. मी बघत असतानाच त्याचं ‘घरी’ झालं.

मी खाटेवर, बनियनवर — बाहेर? नुसता पडून राहिलेला फोन बॅटरी वाचवायला वायफाय सोडतो, हातात घेतला की पुन्हा जोडतो. म्हणून, थोडा वेळ थांब, मग ठरव, असं यंत्रणेला सांगून ठेवायचं असतं. मी सांगितलंच नव्हतं.

पण खरी गोष्ट लक्षात आली ती त्यानंतर. कूलर बंद पडतो हे ती मला सांगत होती — बाहेर असती, तर तिला कळलं असतं कसं? ती घरात असल्याचा पुरावा मी तिच्याच तोंडून ऐकत होतो. ऐकून तिलाच खोटं ठरवत होतो. त्या उकाड्यात तिचा कूलर कोण बंद करत होतं? मीच!

ती परत आली तोवर मी दुरुस्ती करून ठेवली होती. “मोटर बिघडली होती,” म्हणालो. तिच्या भावांना फोन केला नाही. ते आता जळगावला आले तरी आमच्याकडे उतरत नाहीत.

आणि सुमन दुपारी झोपत नाही. आपण घरात आहोत हे बघणारं कुणी हवं, म्हणून शेजारच्या अक्कांना बोलावून घेते. परवा अक्का तिच्यादेखत मला म्हणाल्या, “भाऊ, तुमची बायको मला दुपारी डोळा लावू देत नाही बरं! रोजचं आपलं — या बसायला, या बसायला.”

सुमन मान खाली घालून शेंगा सोलत होती. ती घरीच होती — एवढंच म्हणायचं होतं मला. मी म्हटलं नाही.