जवळच्या घरातली मुलगी

नातीच्या शाळेची बस जवळच्या मुलांना घेत नाही. 'एवढं जवळ तर आहे,' असं तिथल्या बाई सांगतात. हे वाक्य ऐकलं की अजूनही माझं डोकं फिरतं, कारण लहानपणी माझी शाळा याच वाक्यापायी सुटायची वेळ आली होती.

निजामाचं राज्य होतं. आमचा मळा तेरणेच्या काठी, गावापासून हाकेच्या अंतरावर म्हणावा असा. अंगणातून देवळाचा कळस दिसायचा. पण गावाकडं जाणाऱ्या अरुंद पांदीत देवाला सोडलेला वळू उभा असायचा. देवाचा म्हणून त्याच्यावर काठी उगारायची कुणाची छाती नव्हती. मी सहा वर्षांची. आई उजाडताच खुरपायला जायची, वडील मोटेवर. मला पांदीतून नेणार कोण?

आमच्या पलीकडच्या वस्तीवर एक लिंगायत आजोबा राहायचे. गावात त्यांचं किराणा दुकान होतं. रोज सकाळी ते बैलगाडीनं दुकानावर जायचे आणि वस्तीवरच्या पोरांना शाळेत सोडायचे. बैलांशी कानडीत बोलायचे, आमच्याशी मराठीत. बैलांशी जरा जास्तच प्रेमानं. गाडी आमच्या दारावरून जायची, पण थांबायची नाही. आमचं घर जवळ ना!

सोमवारी मात्र त्यांच्याकडं बैल जुंपत नसत. शंकराचा वार, नंदीला विसावा. मग वस्तीवरची सगळी पोरं चालत निघायची आणि मला सोबत मिळायची. त्यांच्या घोळक्यात वळूचं काही वाटायचं नाही. असं करत मी दर सोमवारची विद्यार्थिनी झाले. निजामाची उर्दू शाळा, तिला शुक्रवारी सुट्टी, बाकीचे दिवस मी घरी. सोमवारी जावं तर वर्ग कुठल्या कुठं पुढं गेलेला. उर्दूची अक्षरं मला ओळखीची वाटायची, पण नावं आठवायची नाहीत.

शेवटी मास्तरांनी निरोप धाडला, की पोरगी रोज येणार नसेल तर नाव कमी करतो. वडील आजोबांकडं गेले. आजोबांनी बसवून घेतलं, चहा पाजला आणि नकार दिला. एकीला घेतलं की गावापर्यंत दारोदारी पोरं उभी राहतील, मग लांबच्यांनी बसायचं कुठं, असं त्यांचं म्हणणं. वडिलांना ते पटलंसुद्धा! घरी येऊन आईलाच समजावत बसले. आई त्यांच्याशी रात्रभर बोलली नाही. मी गोधडीत तोंड खुपसून रडले.

आजोबांची नात माझ्याहून थोडी मोठी. तिनं घरात हे सगळं ऐकलं होतं. मंगळवारी गाडी आमच्या दारापाशी आली तशी ती टुणकन खाली उतरली, माझा हात धरला आणि चालू लागली. ती उतरली म्हणून दुसरी उतरली, मग सगळीच. चालण्यात गंमत जास्त, गाडीत नुसते हादरे. पुढं आम्ही कलकलाट करत चाललेलो आणि मागून आजोबांची रिकामी गाडी. 

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशी आमच्या दाराशी गाडी थांबली. आजोबा स्वतः खाली उतरले. मला वाटलं आता बोलणी बसणार. आई त्या दिवशी खुरपायला न जाता घरी थांबली होती, तिच्या मागं मी दडले. आईनंही पदर सावरला आणि भांडायच्या तयारीनं उभी राहिली.

आजोबांनी थोराड पोरांना चालायला सांगितलं. मग माझ्याजवळ येऊन म्हणाले, "चल बाई, बस. जवळ काय न् लांब काय, ही आमा मोठ्यांची मापं. तुझ्या पायाला समदंच लांब हाय."

त्यांनी मला उचलून गाडीत ठेवलं तेव्हा आई रडत होती. त्या दिवसापासून त्या गाडीत लहान पोरं बसायची आणि मोठी चालायची. घर कुठं आहे, हे कुणी विचारलं नाही. माझं नाव शाळेत राहिलं.