फिल्टरवरचं फडकं

गल्लीत माझी बाईक शहाण्यासारखी चालायची, पण बदलापूर रोडला जोरात पिळली की गचके द्यायची. चिखलोलीजवळ भरलेल्या रिक्षाही मला मागे टाकायच्या. आमच्या कॅम्प तीन भागातल्या मेकॅनिकने प्लग बदलला, अंबरनाथच्याने कार्बोरेटर साफ केला आणि दोघांनीही खापर पेट्रोलवर फोडलं. माझं डोकंच फिरलं. रविवारी मीच सीट काढली. एअर फिल्टरच्या तोंडावर जीन्सच्या कापडाचा तुकडा दोऱ्याने घट्ट बांधलेला! इंजिनाला हवा मिळणार कुठून?

"हे कुणी केलं?" मी ओरडलो.

"मी," बाबा म्हणाले. "रस्त्यावर धूळ किती असते! आत जाईल ना."

"अहो बाबा, त्यासाठीच तर फिल्टर असतो!"

बाबांची सगळी नोकरी केमिकल कंपनीत, नाकाला रुमाल बांधून गेली. त्यांच्याशी कोण वाद घालणार? मी तुकडा फेकून दिला आणि गाडी सुसाट पळाली.

दुसऱ्याच दिवशी पुन्हा गचके. चिडून सीट काढली, तर आत बाबांचा तोच रुमाल.

"हा पातळ आहे," ते खोकत म्हणाले. "यातून हवा येते. मी घेतलीय ना जन्मभर."