उलटे खांब

ओमानमधल्या रुस्ताकला आमच्या वर्कशॉपमध्ये बंगल्यांच्या दर्शनी भागासाठी ग्रीक देवळासारखे खांब होतात. ते हाताने घडवणारा मिस्त्री राजापूरकडचा. तसं देऊळ त्याने फोटोतच पाहिलेलं, पण खांबाचा बांधा त्याला पाठ. "ताई, खांब वर निमुळता व्हायला हवा, मधे जरासा फुगलेला. नायतर वजन पेलतोय असं वाटत नाय," असं तो प्रत्येक खांबावर तळहात फिरवत सांगायचा.

किनाऱ्यावरच्या खाबुरा गावातल्या एका बंगल्यावर बसवणाऱ्यांनी त्याचे चारही खांब उलटे उभे केले आणि फटी सिमेंटने बुजवल्या. ते पाहून तो तडक माझ्या टेबलाशी आला.

"उतरवूया, ताई. माझ्या सुट्टीच्या दिवशी मी करतो."

"घरमालक खूश आहे, आपला शेठ, अर्बाब, तोही खूश आहे. खलास."

"कुणालाच दिसलं नाय?"

"नाही."

तो परत कामावर गेला.

दुसऱ्या दिवशी त्याने आपणहून फायबरचे तयार साचे मागितले. त्यांत खांब मेल्यासारखा सरळ निघतो म्हणून वर्षभर त्यानेच ते नाकारले होते.

"काम लवकर होईल," तो म्हणाला.

त्याला थांबवावं असं मनात आलं. मी साच्यांची ऑर्डर लिहिली.