सरांच्या अठरा उघड्या सूचना

सोमशेखर पट्टणशेट्टी सरांनी तीस वर्षांत अकरा जणांना पीएच.डी. करून दिली. अकराही प्रबंधांवर त्यांनी लाल शाई अशी सांडली की, विद्यार्थी तपासलेलं प्रकरण घेऊन बाहेर पडला की शिपाई काळजीनं विचारायचा, लई लागलं काय? बारावी विद्यार्थिनी क्रांती. शाहूवाडीची, तोंडानं फटकळ. डोंगराकडच्या बायका भाताची जुनी बियाणी कशी जपतात, हा तिचा विषय. सर जूनमध्ये निवृत्त होणार, म्हणजे ही शेवटची. शेंडेफळच म्हणा.

आणि नेमका त्याच वर्षी विभागात ई-पोर्टफोलिओ आला. तो आणला पस्तिशीच्या सुष्मिता मॅडमनी, ज्या क्रांतीच्या सहमार्गदर्शक होत्या. क्रांतीनं प्रत्येक मसुदा त्यात ठेवायचा, आपण काय शिकलो याचं टिपण शेजारी लिहायचं, आणि दोन्ही मार्गदर्शकांनी समासात सूचना द्यायच्या. काम झालं की क्रांतीनं त्या सूचनेवर बरोबरची खूण करायची. खूण केली की सूचना मिटायची. सोय उत्तम होती. फक्त कुणाच्या किती सूचना मिटल्या हा आकडा सगळ्यांना दिसायचा, आणि सरांची झोप उडाली ती त्या आकड्यापायी.

मॅडमच्या सूचना एक्केचाळीस, मिटलेल्या एक्केचाळीस. सरांच्या एकोणीस, मिटलेली एक. तीही 'पानांना क्रमांक घाल' ही.

पहिल्या दिवशी सरांनी नेटला दोष दिला. दुसऱ्या दिवशी मॅडमच्या सूचना वाचून काढल्या. 'इथे स्वल्पविराम हवा.' 'तारीख तपासा.' 'छान!' आणि त्यापुढं फुलाचं चित्र. सरांनी जन्मात कुणाला छान म्हटलं नव्हतं. फारच खूश झाले तर ते प्रकरण टेबलावर आपटायचे नाहीत, ठेवायचे. आता या वयात फुलं वाटायची काय, असं त्यांनी बायकोला विचारलं. लेक सासरी गेल्यासारखं तोंड करू नका, पोहे गार होतायत, एवढंच ती म्हणाली. सरांना मात्र पुढचं सगळं दिसत होतं. जूनमध्ये आपण घरी, क्रांती मॅडमची विद्यार्थिनी, आणि प्रबंधाच्या ऋणनिर्देशात आपलं नाव ग्रंथालयाच्या खाली, झेरॉक्सवाल्याच्या जरा वर.

मग माणूस ईर्षेला पेटला. मॅडमच्या आधी आपली सूचना पडावी म्हणून साडेपाचचा गजर लावू लागला. आणि एके सकाळी, ज्या हातानं अकरा जणांना रडवलं त्याच हातानं सरांनी लिहिलं, 'इथे स्वल्पविराम हवा.' नऊ मिनिटांत सूचना मिटली. त्या आनंदात सरांनी मिसळीबरोबर एक पाव जादा खाल्ला. आठवड्याभरात सव्वीस स्वल्पविराम पडले, चार पूर्णविराम, आणि लाज गिळून एक फूल. क्रांतीनं फुलावरसुद्धा खूण केली. आकडा बत्तीसवर गेला, तेव्हापासून मॅडम समोरून आल्या की सर आखाड्यात उतरल्यासारखे चालू लागले.

सोमवारी क्रांती सरांच्या खोलीत आली. बस म्हटलं तरी बसली नाही.

"सर, माझं काय चुकलंय काय?"

सरांना काही उमगेना.

"न्हाय, तुम्ही नुसतं स्वल्पविरामच टाकाय लागलाय. माझ्यातनं मन काढलं म्हणा की."

"माझ्या अठरा सूचनांना तू हात लावत नाहीस," सर म्हणाले, "आणि मॅडमच्या लगेच मिटतात."

"मिटणारच की. स्वल्पविराम बसल्या जागी घालता येतोय. तुम्ही लिवलंय, 'गौराबाईला पुन्हा विचार.' ती हाय गगनबावड्याला. तीनदा गेलतो. दरवेळी म्हातारी नवंच काढती. ती सूचना मिटवायची कशी?"

मग तिनं आपली टिपणं उघडली. आकडे मोजायच्या नादात सरांनी ती एकदाही वाचली नव्हती. पहिल्या खेपेला गौराबाईनं बियाण्यांची सात नावं सांगितली होती. दुसऱ्या खेपेला, कुठलं बी कुठल्या जावेला द्यायचं नाही, ते. तिसऱ्या खेपेला, का द्यायचं नाही, ते. प्रबंधाचं चौथं प्रकरण जावाजावांच्या त्या जळफळाटावरच उभं होतं. अठराही सूचनांखाली असंच काही ना काही साठत चाललं होतं.

सरांनी बराच वेळ चष्मा पुसला. ती गेल्यावर त्यांनी सगळे स्वल्पविराम आणि पूर्णविराम काढून टाकले, फूल तेवढं राहू दिलं, आणि नवी सूचना लिहिली: 'पुढच्या खेपेला मलाही ने.'

गौराबाईनं अंगणात घोंगडं टाकलं आणि हे पावणं कोण, म्हणून विचारलं. आमचं सर, क्रांती म्हणाली.

गौराबाईनं सरांना खालीवर न्याहाळलं. "व्हय? सारखं सारखं इचाराय लावणारं ते तुम्हीच काय?"

इतका मोठा सत्कार सरांचा आजवर झाला नव्हता. तरी निघताना राहवेना. सुष्मिता नावाच्या मॅडम कधी इकडं आल्या होत्या काय, असं त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं. गौराबाईला असं कुणी ठाऊक नव्हतं.

एसटी यायला वेळ होता. सरांनी पुन्हा विचारलं.