काळूचे शास्त्रोक्त लाडू

आमच्या घराण्यात पहिली पदवी मी मिळवली आणि तिचा पहिला उपयोग कुत्र्यावर केला.

पदवी बी.एस्सी.ची होती. ती मिळावी म्हणून बाबांनी कन्हानजवळच्या आमच्या गावी वर्षानुवर्षं एकाच धोतरावर काढली. नागपुरात सरकारी कचेरीत लागलो तेव्हा माय, बाबा आणि काळू नावाचं आमचं गावठी कुत्रं अशा तिघांना मी अभिमानाने भाड्याच्या दोन खोल्यांत आणलं. नोकरी मात्र अजून कच्ची होती. ती पक्की करणं साहेबांच्या हातात होतं. साहेबांवर छाप पाडायला माझ्याकडे फाडफाड इंग्रजी नव्हतं, वशिला नव्हता. होतं ते फक्त ज्ञान! (तेव्हा मला ते भरपूर वाटत असे.)

एका सकाळी मायनं काळूपुढे शिळी भाकर टाकली आणि माझ्यातला पदवीधर खडबडून जागा झाला.

"माय, आजपासून काळूचं खाणं मी ठरवणार. त्याला प्रथिनं पाहिजेत."

"थे कोन्त्या दुकानात भेटते?" मायनं विचारलं.

मी तीन नियम केले. अन्न पौष्टिक पाहिजे. त्यासाठी कुठल्याही जिवाला इजा व्हायला नको. आणि ते आपल्याच मातीत पिकलेलं पाहिजे, वाया काही जाता कामा नये. त्याप्रमाणे गावच्या शेतातली ज्वारी, डाळ भरडल्यावर उरणारी तुरीची चुरी, भाजलेलं जवस आणि बैलघाण्याचं तेल यांचे लाडू वाफवायचे ठरले. मीठ नाही, गूळ नाही. तेल घेण्याआधी मी घाण्यावर जाऊन चौकशीही केली.

"बैलाला मारता का?"

घाणेवाल्यानं मला नखशिखांत न्याहाळलं. "मी कायले मारू? थोच मले मारते. हे पाहा!" त्यानं गुडघ्यावरची जखम दाखवली. मी समाधानाने अर्धा शेर तेल घेतलं.

रोज सकाळी चार लाडू काळूच्या ताटलीत ठेवून मी कचेरीत जाई. परत येई तेव्हा ताटली लखलखीत! महिन्याभरात काळू असा काही तुकतुकीत झाला की गल्लीतली पोरं त्याला रेडा म्हणू लागली. मी भिंतीवर तक्ता टांगला. कचेरीत जेवणाच्या सुट्टीत मी काळूशिवाय दुसरा विषय काढत नसे. बातमी साहेबांपर्यंत गेली आणि त्यांनी मला चक्क खुर्चीवर बसवलं. त्यांच्या टॉमीची भूक मंदावली होती.

"साहेब, पंधरा दिवस फक्त माझे लाडू. दुसरा घास नाही. जबाबदारी माझी!"

पंधरा दिवसांनी, रविवारी सकाळी, साहेबांची स्कूटर आमच्या दारात थांबली. पुढच्या फळीवर टॉमी होता, म्हणजे टॉमीचा उरलेला भाग.

"हा लाडवाला तोंड लावत नाही," साहेब कोरड्या आवाजात म्हणाले. "तुमचा कसा खातो ते मला पाहायचंय. आत्ता."

माझी पक्की नोकरी आता एका गावठी कुत्र्याच्या जिभेवर होती. तरी मी निर्धास्त होतो! ताटली मांडली, लाडू ठेवले. काळूनं वास घेतला. माझ्याकडे पाहिलं. नक्कल केलेला पेपर परीक्षकाने बाजूला सारावा तशी त्यानं पायानं ताटली सारली आणि सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन बसला. माय छताकडे पाहू लागली.

"माय?"

"येकच भाकर देतो गा, दुधात कुस्करून. मुक्या जिवाले उपाशी ठेवू का?"

तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारच्या शेवंताबाईंची हाक आली. "काळू, आज उशीर काहून केला रे?" त्यांच्या हातात रश्शातलं मटणाचं हाडूक होतं. माझा दुसरा नियम शेपटी हलवत कुंपण ओलांडून गेला.

साहेबांनी रुमालानं कपाळ पुसलं. "ठीक आहे. मग रोजचे चार लाडू खातं कोण?"

बाबा खाकरले.

"मी खातो."

"बाबा! कुत्र्याच्या ताटलीतले?"

"त्यानं उष्टं कुठं केलं? शिवतच नाही थो." बाबा शांत होते. "आपल्याच वावरातली जवारी, फेकून देऊ का? अन् तू संध्याकाळी येऊन ताटली पाहाचा, तुह्या तोंडावर कसा उजेड पडे. येवढा शिकला, अन् कुत्रं बी आयकत नाही म्हनून तुले वाईट वाटलं असतं नं."

मग बाबा साहेबांकडे वळले. "पन गुन आहे बरं का, साहेब. पोट येकदम साफ! ठेच्यासंग घ्या, नाही तं घशाखाली उतरत नाही."

मायनं ठेचा आणला आणि टॉमीपुढे दूध-भाकर ठेवली. साहेबांनी एक लाडू खाल्ला, घाम पुसला आणि दुसरा घेतला. तोवर टॉमीनं पायाशी दूध-भाकरीचं ताट चाटून पुसून टाकलं होतं. जाताना साहेबांनी टॉमीसाठी मायच्या हातची भाकर घेतली आणि स्वतःसाठी डबाभर लाडू.

तीन महिन्यांनी माझी नोकरी पक्की झाली. पुढे कधीतरी माझी फाईल हाती आली तेव्हा साहेबांच्या अक्षरातला शेरा वाचला: 'काम चोख. कर्मचारी विश्वासू. पोटाविषयी याच्या वडिलांचा सल्ला घ्यावा. कुत्र्यांविषयी याचा घेऊ नये.'

तीस वर्षांच्या नोकरीत माझ्याविषयी इतकं अचूक कोणी लिहिलं नाही!